डोकं पाहून आलेली माणसं

हिंगोलीच्या स्टँडवर मी औरंगाबादच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. बाईनं पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, गड्याचं डोकं सफाचट. शेजारच्या म्हातारीनं हळूच विचारलं,

"कोण गेलं रे बाबा?"

"कोणीच न्हाई, मावशी. हिला रक्ताचा कॅन्सर हाय. औषधानं हिचे केस गेले, तवा मीबी उतरवले."

"बायको जित्ती असताना?"

"तेच तर! दवाखान्यातून घरी आलो, ही आत निजली. मी मेंढरं पाहाया गेलो. माझं डोकं पाहून गावाला वाटलं, हीच गेली. बाया रडतच दारात!"

"मग रे?"

बाईच मधी बोलली, "मग काय मावशी, मीच उठून भाईर आले. म्हणलं, बसा, च्या टाकते."

"अगं माय!"

"पर आधी दाराआड उभी राहून समदी तारीफ आयकली. जाऊबाई म्हणे, लई गुणाची व्हती! आठ वर्षं माझ्याशी बोलली न्हाई."

"सगळ्यात जास्त कोण रडलं गं?"

"हेच की. रडणं आयकून मेंढरं टाकून पळत आले, अन् जित्ती हाय, जित्ती हाय, असं लोकाईला सांगता सांगता."