बिनधन्याची फाईल

धुळ्याच्या जिनिंगमध्ये मी नवा आलेला कॉम्प्युटर चालवायचो, तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचे मालक नाना भारी संशयी. फाटकातून कापसाची गाडी आत आली की पहिला प्रश्न, "कोणाची?" धनी पुढे आला नाही, तर गाडी बाहेर.

एकदा मी त्यांना पडद्यावर फाईली दाखवत होतो. 'कमांड' नावाच्या फाईलीवर नानांनी बोट ठेवलं. "हाई कोनी शे?"

"माझी नाही, नाना."

मुनीमजींना विचारलं, त्यांचीही नाही. मग वजनकाट्यावरचे आबा आले. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हातही लावला नव्हता, तरी घाबरून म्हणाले, "मनी नही."

नानांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "बठ्ठा नही म्हनतस. समोरना जिनिंगवालानी ठेयेल व्हई. पुसी टाक."

पुसली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. जळगावहून मेकॅनिक आला. म्हणाला, "नाना, त्या फाईलीवरच तर मशीन सुरू होतं."

नाना म्हणाले, "ठेव परत. पण तिले मनं नाव दे, म्हनजे कोनी पुसाव नही."