लोखंडवाला मार्केटची जुनी मालकीण

लोखंडवाला मार्केटला लोक शॉपिंगला जातात, आमची आई तिथे प्लंबरला शिकवून आली.

चपला घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या तळघरात घोटाभर पाणी, आणि मालक प्लंबरवर नुसता तापलेला. "तीनदा पाइप बदललास यार, तरी पाणी येतंच कसं?"

आम्ही वर्सोव्याचे कोळी. आई सरळ पायऱ्या उतरली, पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. मी ओरडलो, "आई, काय करतेस!"

"खारट आहे," ती प्लंबरला म्हणाली. "पाइप सोड रे. आज पुनव, भरतीचं पाणी आहे हे. दुपारनंतर उतरेल."

मालक हसला. आम्ही शेवपुरी खाऊन, बाजार फिरून तीनला परत आलो, तर तळघरात नुसती ओल.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या दुकानाच्या जागी खाडी होती. माझी आई इथेच चिंबोऱ्या पकडायची."

"मग आता या खाडीला थांबवायचं कसं?"

आई नवी चप्पल पायात सरकवत म्हणाली, "खाडीला थांबवतोस? अरे, जागा तिची आहे. पुनवेला-अवसेला येऊन बघून जाते, एवढंच."