चुडाव्याचं व्होल्टेज

चहा होईस्तोवर आमच्या मिलिंदचं सांगतो. हा माझा मावसभाऊ, चुडाव्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय. काम लवकर उरकावं म्हणून त्यानं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग वाढवला, तर ते मधीच बंद पडू लागलं. मला परभणीला फोन.

मी म्हणलं, "वेग वाढवला की व्होल्टेज बी जरा जास्त लागतंय. मदरबोर्डच्या सेटिंगमधी प्रोसेसरचं व्होल्टेज एक पॉइंट पंचवीस हाय, ते एक पॉइंट तीन कर. त्याच्या वर जाऊ नको."

थोड्या वेळानं परत फोन. "दादा, स्क्रीनच काळी झाली! अन् नवरीकडचे व्हिडिओ न्यायला यायलेत!"

"किती दिलंस?"

"एक पॉइंट पाच."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुमी परभणीच्या हिशोबानं सांगितलं की. आमच्याकडं शेतातल्या मोटारी चालू झाल्या की लाईट लय डिम होती. म्हणून जरा जास्त दिलं."

मी कपाळावर हात मारला. "येड्या, लाईट डिम असो का फुल, आतला पॉवर सप्लाय मदरबोर्डला सारखंच देतोय! आता वायर काढ, बोर्डावरचा गोल सेल काढून परत बसव, म्हंजे सेटिंग पहिल्यासारखी होती, अन् सगळं ऑटोवर राहू दे."

नशीब, कॉम्प्युटर चालू झालं. नवरीकडचे खुशीत व्हिडिओ घेऊन गेले.

काल परत फोन, आवाज एकदम खुश. "दादा, गावात लाईटीची नवी डीपी बसली, मोठा ट्रान्सफॉर्मर, लाईट लय फुल यायलीय. आता कॉम्प्युटरमधलं व्होल्टेज कमी करू का?"