गरम असताना बघा

...नाही, पण मला सांगा, गाडी बंद केली यात माझा काय गुन्हा? गाडीला चावी कशासाठी दिलेली असते? इकडे फिरवली की सुरू, तिकडे फिरवली की बंद, सरळ मामला. पण आमची व्हॅन रस्त्यात बसली की जो येतो तो आधी कमरेवर हात ठेवून उभा राहतो, व्हॅनकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि मग, जसं काही यालाच पहिल्यांदा सुचलंय, असं विचारतो, "बंद कशाला केली?"

अरे बाबा, पोहोचलो म्हणून केली! माणूस पोहोचल्यावर गाडी बंद करतो. जगभर करतात.

तुम्हाला सांगतो, बारा वर्षं झाली मी लॉन्ड्रीची फेरी करतोय. व्हॅन माझी, डिझेलची, आणि कपडे लॉन्ड्रीचे. सकाळी सातला धुतलेल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे भरायचे, लॉजवर टाकायचे, तिथले मळके उचलायचे, मग डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथे ऑपरेशनच्या हिरव्या चादरी साडेआठच्या आत पोहोचल्या पाहिजेत, कारण नऊला डॉक्टर हात धुऊन उभे. बारा वर्षांत मी एकदाही उशिरा गेलो नव्हतो. एकदाही! तापात गेलो, पाठीत उसण भरलेली असताना गेलो, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी आधी चादरी टाकल्या आणि मग नवा सदरा घातला. आणि चार महिन्यांपूर्वी या व्हॅनने हा खेळ सुरू केला.

खेळ कसा, नीट ऐका, कारण हे आजवर कुणी नीट ऐकलेलं नाही. सकाळी थंड असताना एका सेल्फात सुरू. अशी सुरू होते की शेजारी कौतुकाने बघतात. मग पंधरा-वीस किलोमीटर पळवा, चांगली तापू द्या, आणि बंद करा... संपलं. घर्रर्र घर्रर्र घर्रर्र, आणि ढिम्म. पाऊण तास तशीच बसते. पाऊण तासाने थंड झाली की परत एका सेल्फात सुरू, जसं काही झालंच नाही. आणि मी आपला घामाघूम, वेड्यासारखा, चावी हातात धरून.

गेलो मिस्त्रींकडे. आमचे मिस्त्री म्हणजे जुने, हात चांगला, पण त्यांचा एक नियम आहे. गरम इंजिनला हात लावत नाहीत. कधी काळी एकदा मनगट भाजलंय, तो डाग ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "हे बघ. हे बघितलंस? गाडी लाव तिकडे, थंड होऊ दे, जेवून आलो की बघतो." मी म्हणतो, "मिस्त्री, थंड झाली की तिला काही होत नाही हो, गरम असताना बघा!" "होय होय, बघतो ना, थंड होऊ दे." जेवून येतात, सुपारी चघळत चावी फिरवतात, एका सेल्फात सुरू. मग माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मला वाटतं मीच आजारी आहे. "काय झालंय हिला? चांगली तर आहे. मुळात तू बंद कशाला केलीस?"

तरी त्यांनी उपाय केले, नाही असं नाही. आधी म्हणाले बॅटरी. बॅटरी बदलली. मग म्हणाले सेल्फ कमजोर. सेल्फ उघडला, साफ केला, बसवला. मग डिझेलचा फिल्टर. मग, हे तर तुम्हाला सांगायलाच पाहिजे, मग म्हणाले, हीटर प्लग बदलू. मी विचारलं, ते कशासाठी असतात? म्हणाले, थंडीत इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून. मी म्हटलं, अहो, पण थंड असताना ती... "तू मिस्त्री की मी मिस्त्री?" बदलले हीटर प्लग. झालं काय, तर थंड असताना आधीच छान सुरू होत होती, ती आता आणखी छान सुरू व्हायला लागली. आधी चावी पूर्ण फिरवावी लागायची, आता अर्ध्यातच.

मेव्हणा आला रविवारी. त्याने आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, पण मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून आला होता. बॉनेट उघडून मान तिरकी करून म्हणतो कसा, "दाजी, एकतर पंप आहे, नाहीतर सेन्सर आहे, नाहीतर वायरिंग आहे." म्हणजे व्हॅनच आहे! आणि बायको, ती तर साधी बाई, भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, "अहो, तीही दमत असेल. तुम्ही नाही का, एकदा बसलात की लगेच उठत नाही." खरं सांगतो, चार महिन्यांत अख्ख्या गावात मला पटलेलं तेवढं एकच निदान.

मग मी काय केलं? बंदच करायची सोडली. सकाळी सातला सुरू केली की दुपारी घरी येईपर्यंत सुरूच. कपडे उतरवतोय, व्हॅन सुरू. चहा पितोय, व्हॅन सुरू, एक डोळा तिच्यावर. आता म्हणाल, मग प्रश्न मिटला. मिटतोय कसला! डिझेल पंपावर इंजिन बंद केल्याशिवाय नळी हातात घेत नाहीत. मी म्हणतो, भाऊ, भर तसंच. तो पाटीकडे बोट दाखवतो. केली बंद. भरलं डिझेल. घर्रर्र... मागे नऊ गाड्या, नऊ हॉर्न, आणि पंपावरचा तोच पठ्ठ्या, ज्याने बंद करायला लावली तो, माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, "बंद कशाला केली?"

डिझेल मी मग घरून निघताना कॅनने भरायला लागलो. पण लॉजचं काय करणार? तिथे सामान उतरवायचं तळघरात. मॅनेजरचं म्हणणं, धूर वर खोल्यांत जातो, पाहुणे खोकतात, गाडी बंद करा. त्याचंही बरोबर आहे, खोकतात बिचारे. मग दोनदा तिथेच बसली आणि दोनदा दवाखान्यात उशीर झाला. दुसऱ्या वेळी लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी मला समोर बसवलं. त्या ओरडत नाहीत, तेच वाईट. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बारा वर्षं झाली, मला बोलायला जड जातंय. पण पुन्हा झालं तर फेरी मला पुतण्याला द्यावी लागेल. त्याने नवी गाडी घेतलीये." मी मान हलवली. मला दुसरं काय येतं हो? मला फेरीतल्या त्या अकरा जागा येतात. कुठल्या दाराला कडी आहे, कुठल्या लिफ्टचं बटण दाबून धरायचं, कोण टॉवेल मोजून घेतं आणि कोण मोजत नाही.

म्हणून मी मिस्त्रींच्या अक्षरशः पाया पडलो. म्हटलं, एक दिवस फेरीला चला. गॅरेजात तुम्ही तिला थंड करूनच बघता, तर तुम्ही गरम गाडीकडे या. कसेबसे तयार झाले. स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून आले, जसे काय सहलीला. खिडकीत बसले. "मस्त पळते की," म्हणाले. लॉज आलं, तळघरात उतरलो, मॅनेजर म्हणाला बंद करा, केली बंद. मळके कपडे भरले. घड्याळात सव्वाआठ. मिस्त्रींना म्हटलं, आता बघा हं. गरम आहे. आता बघा. देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली...

एका सेल्फात सुरू.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. नुसते हसले. तो डाग खाजवत हसले. आता, तुम्ही शहाणे आहात, तुम्ही काय केलं असतं? सुरू झालीये, दवाखाना समोर आहे, निघाला असता. मलाही कळत होतं. पण चार महिने, हो, चार महिने मी खोटारडा ठरलेला माणूस! मी म्हटलं, "थांबा, दाखवतो." आणि बंद केली. परत चावी. सुरू! मिस्त्री आणखी हसले. "थांबा हो!" परत बंद. परत चावी. घर्रर्र घर्रर्र घर्रर्र... ढिम्म.

तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला! मुलगी झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर हाच. मी खाली उतरलो, तळघरात टाळ्या वाजवल्या, मॅनेजरला हाक मारली, "बघा! नाही होत! बघा सगळ्यांनी, नाही होत!" मिस्त्रींचा हात धरून बॉनेटपाशी नेलं. "आता गरम आहे, आता बघा." मिस्त्री वाकले, बराच वेळ बघितलं, गंभीर झाले. म्हणाले, "हां. आता खोलून बघायला पाहिजे. पण पाने-पकडी गॅरेजमध्ये आहेत."

"पाने आणले नाहीत तुम्ही?"

"तू म्हणालास फेरीला चला. फेरीला पाने कोण नेतं?" मग चाकापाशी उकिडवे बसले, सुपारी काढली आणि म्हणाले, "एक कळलं मात्र. तुझी गाडी गरम झाली की सुरू होत नाही." आणि जरा थांबून, "पण झाली होती ना रे सुरू? दोनदा झाली होती. मग बंद कशाला केलीस?"

मी घड्याळ बघितलं.

रिक्षा शोधली, मिळाली नाही. हिरव्या चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघालो. दीड किलोमीटर. पोहोचलो तेव्हा नऊ वीस. बाकावर पाच-सहा म्हातारी माणसं ओळीने, डोळ्यांत औषध घातलेलं, सकाळपासून उपाशी. एक आजोबा दिसत नसताना माझ्या दिशेला बघून म्हणाले, "आल्या का चादरी? बरं झालं. आता करतील." रागावले असते तर बरं वाटलं असतं. सिस्टरने गाठोडं घेतलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवसापासून पुतण्या जातो. गाडी चांगली आहे त्याची. मीच त्याला पहिल्या दिवशी सगळ्या जागा दाखवल्या, कुठल्या दाराला कडी आहे ते.

काल मिस्त्रींचा फोन. एकदम उत्साहात. "अरे, मी विचार केला. तू म्हणतोस ते बरोबर आहे, गरम असतानाच बघायला पाहिजे. आज मोकळा आहे. पाने काढून ठेवलेत. चांगली पंधरा-वीस किलोमीटर पळव आणि गरम करून आण."

मी म्हटलं, "मिस्त्री, पंधरा-वीस किलोमीटर पळवायची म्हणजे कुठेतरी जायला लागतं. मला कुठे जायचंच नाही. दारात उभी असते ती. थंड."

"आणि थंड असताना?"

"एका सेल्फात सुरू होते."

मग म्हणाले, "म्हणजे आता काही त्रास नाही?"

मी विचार केला. खरंच नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग झाली की दुरुस्त," म्हणाले, आणि ठेवला फोन.