आबा आणि जीपचं कॅरियर

परवा आमच्या आबांनी माझा असा काही गोंधळ उडवला, की विचारू नका. माझ्या फोर बाय फोर जीपच्या टपावर सामानासाठी कॅरियर बसवायचं होतं. सकाळी उमरठहून निघताना मी एवढंच म्हणालो, "कॅरियरचं बघायला महाडला चाललोय."

दुकानात अर्धं की पूर्ण, लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचं, यातच माझं डोकं फिरलं. शेवटी लोखंडी बसवून संध्याकाळी घरी आलो, तर आबा दिवसभर जेवलेच नव्हते.

"मुंबईला कधी निघतोस?" त्यांनी विचारलं.

"मुंबईला? मी? कशाला?"

"तूच बोललास ना, करिअरचं बघतो म्हणून? तुझा थोरला भाऊ पण असंच बोलून गेला. आता शेतीला मी एकटाच हाय."

मला काही उमजेना. मग एकदम ट्यूब पेटली. त्यांना हाताला धरून अंगणात नेलं आणि जीपच्या टपाकडे बोट दाखवलं. "आबा, हे कॅरियर!"

आबांनी हात वर करून ते गदागदा हलवून पाहिलं. मग डोळे पुसले आणि आईला हाक मारली, "गो, वाढ आता! हा नाय जात कुठं!"