बडबडीसकट बोनस ट्रॅक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले ध्वनिसंपादक, आणि मागच्या रांगेत आत्तापासूनच घड्याळ बघणाऱ्या रसिकहो,

मघाशी व्यवस्थापकसाहेब म्हणाले, जुन्या रॉक अल्बमच्या शेवटी जोडलेले बोनस ट्रॅक म्हणजे उरलंसुरलं. पुढच्या आवृत्तीत काढून टाकू. साहेब, आपण मान्यवर आहात म्हणून हळू विचारते: उरलंसुरलं कुणाला म्हणता?

माझ्या धाकट्या भावाचा बँड होता. तो पाहा, पहिल्या रांगेत, मान खाली घालून बसलाय. ऑर्गन मी वाजवायचे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी प्रार्थनेसाठी शिकवला होता. मी त्याचं पुढे काय केलं हे त्यांना कळलं नाही, बरंच झालं. पण रेकॉर्ड निघाली तेव्हा कंपनीने माझा ऑर्गन गाळला. म्हणे, रॉकमध्ये बाई कशाला? त्यानंतर मी कधीही सांगितलं की रेकॉर्डिंगला मी होते, तर लोक विचारायचे, "चहा द्यायला का?" आणि आमचे बंधुराज? गप्प.

मग अल्बम पुन्हा काढायचं ठरलं आणि आज निवृत्त होणाऱ्या या गृहस्थांनी गोदामातल्या जुन्या टेप ऐकायला घेतल्या. त्यात बाद केलेला एक टेक निघाला. ड्रमर चुकतो, गाणं कोसळतं, आणि एक बाई कडाडते, "अरे, चारपर्यंत मोजता येत नाही का तुला?" हसू नका, मीच ती. त्यावर भावाचा आवाज: "ताई, चिडू नको गं. तू सुरू कर. तुझ्याशिवाय हे उभंच राहत नाही." मग माझा ऑर्गन.

वरून हुकूम आला, बडबड कापा. हे म्हणाले, "बडबड कापली तर ऑर्गन कुणाचा, ते कसं कळणार?" आणि नाही कापली; बडबडीसकट तो टेक अल्बमच्या शेवटी जोडला.

डिस्क आली तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी एकत्र ऐकली. भाऊ म्हणाला, "हे मी म्हटलं होतं?"

"म्हटलं होतंस. एकदाच."

त्याने ट्रॅक पुन्हा लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. अगदी पाणचट होता, पण मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

तेव्हा साहेब, यांना हार घाला, भेटवस्तू द्या, पण तो ट्रॅक राहू द्या. त्याहून मोठा सत्कार यांना नको असेल.

माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. ओघात जास्त बोलले असेन, तर पोटात घाला. कापू मात्र नका.