उजेड पोचेपर्यंत

भूमच्या स्टँडवर कस्तुराबाई वाशीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारा आपल्या लेकीला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला आला होता.

"अर्पिता, तुझं काम नेमकं काय गं? गावात इचारतात."

"जमिनीवरनं उपग्रहाला लेसरनं निरोप धाडायचा, अण्णा. त्याचं गणित मांडते मी. उपग्रह सारखा पळत असतो. म्हणून तो आत्ता आहे तिथं नेम धरायचा न्हाय. उजेड पोचेल तेव्हा तो जिथं असेल, तिथं धरायचा."

"आन् चुकला तर?"

"निरोप जातच न्हाय."

"लई अवघड हाय."

"गाडी आली, अण्णा. रविवारी फोन करते."

"कर. पोचल्यावर जेव."

गाडी गेली, तरी म्हातारा रस्त्याकडंच बघत उभा होता. मग कस्तुराबाईंकडं वळून म्हणाला, "बुधवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन हाय. चार दिवस घरात होती, पण सांगायचं झालंच न्हाय."

"आवो, मग लावा की फोन! दुसरं कोण हाय घरी?"

"कुणी न्हाय."

कस्तुराबाईंनी त्याच्या हातातला मोबाईल घेऊन नंबर लावून दिला.

"अण्णा? काय झालं?"

"काय न्हाय गं. बसायला जागा मिळाली का?"